जॉर्जियन काळातील शहरी घर कसे पाहावे : रस्त्यापासून पोटमाळ्यापर्यंत

इंग्लंड-स्कॉटलंडच्या प्रवासात बाथ, ब्रिस्टल किंवा एडिंबरो यांपैकी एखादे शहर असेल, तर अठराव्या शतकातील जतन केलेले एखादे घर पाहण्याचा योग बहुधा येतोच. बाथमधील ‘नंबर १ रॉयल क्रेसेंट’, ब्रिस्टलच्या ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवरील ७ क्रमांकाचे घर आणि एडिंबरोच्या शार्लट स्क्वेअरमधील ७ क्रमांकाचे घर ही त्यांतली विशेष प्रसिद्ध. तिथे जाणारे बहुतेक जण छतवाला पलंग, चिनी मातीची भांडी आणि मांडून ठेवलेले जेवणाचे टेबल पाहून बाहेर पडतात. वस्तुतः या सामानापैकी बरेचसे त्या काळातले असले, तरी त्याच घरातले असतेच असे नाही. संग्रहालय उभे करताना ते ठिकठिकाणाहून मिळवलेले असते. मूळचे जे काही उरलेले असते ते भिंती, जिने, खिडक्या आणि गिलाव्यातील नक्षी यांत असते. म्हणून अशा ठिकाणी घर आधी पाहावे आणि सामान नंतर.

पहिला जॉर्ज १७१४ मध्ये गादीवर आला आणि चौथा जॉर्ज १८३० मध्ये वारला. त्या दरम्यानच्या बांधकामाला जॉर्जियन म्हणतात. एवढ्या मोठ्या काळात अभिरुची अनेकदा बदलली. मात्र ही घरे मानाच्या पायऱ्यांप्रमाणे रचलेली असत, ही गोष्ट शेवटपर्यंत बदलली नाही. कोणत्या मजल्यावर, कोणत्या खोलीत, कोणत्या दारावर किती खर्च करायचा हे ती जागा कोणाच्या नजरेला पडणार यावरून ठरे. त्यामुळे पाहणाऱ्याने एकच सवय लावून घ्यावी : नक्षी कुठे आहे यापेक्षा ती कुठे थांबते याकडे लक्ष द्यावे.

आधी रस्त्याच्या पलीकडे उभे राहावे

दाराशी जाण्याची घाई करू नये. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला उभे राहून फक्त खिडक्यांची उंची पाहावी. तळमजल्याच्या खिडक्या बेताच्या, पहिल्या मजल्याच्या सर्वांत उंच, दुसऱ्या मजल्याच्या त्याहून आखूड आणि सर्वांत वरच्या जवळजवळ चौकोनी, असा क्रम दिसेल. पाहुण्यांची बैठक पहिल्या मजल्यावर असे, म्हणून उंच छत आणि भरपूर उजेड तिथे. नोकर पोटमाळ्यावर झोपत, म्हणून तिथे खिडकीला किंमत नाही. या क्रमाला आधार होता तो आंद्रेआ पल्लादियो या सोळाव्या शतकातील इटालियन वास्तुकाराने प्राचीन रोमन इमारतींवरून घालून दिलेल्या प्रमाणांचा. भक्कम तळमजला हे स्तंभाचे पीठ, त्यावरचे दोन मजले हा स्तंभ आणि सर्वांत वर त्याचा माथा, अशी ही मांडणी असते. अनेक घरांवर प्रत्यक्षात एकही स्तंभ नसतो. तरीही खिडक्यांच्या उंचीत तो हिशेब लपलेला असतो.

रॉयल क्रेसेंटमध्ये मात्र स्तंभ उघड उभे आहेत. वास्तुकार धाकट्या जॉन वुडने १७६७ ते १७७४ या काळात उभारलेल्या या अर्धवर्तुळात ३० घरे आणि ११४ आयोनिक (माथ्यावर गुंडाळीसारखी नक्षी असलेले) स्तंभ आहेत. हे स्तंभ साध्या तळमजल्याच्या डोक्यावरून निघून वरचे दोन मजले एकाच उडीत ओलांडतात, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला तो एकच राजवाडा वाटतो. खरी गंमत मागच्या बाजूला आहे. वुडने ठरवून दिली होती ती फक्त दर्शनी भिंत. तिच्यामागे ज्याने त्याने आपापला बांधकामवाला गाठून हवे तसे घर बांधून घेतले. मागच्या गल्लीत गेल्यास खिडक्या वरखाली, छपरे वेगवेगळ्या उंचीची आणि भिंती कुठेही पुढे आलेल्या दिसतात. पुढची बाजू पाहून भारावून गेलेल्या प्रत्येकाला मागच्या बाजूची एक फेरी सक्तीची करावी, असे माझे मत आहे. एकाच दर्शनी आराखड्यात अनेक मालकीच्या इमारती बसवण्याची ही इंग्रजी कल्पना पुढे मुंबईतही आली. १८७२ च्या सुमारास पूर्ण झालेले एल्फिन्स्टन सर्कल, म्हणजे आजचे हॉर्निमन सर्कल, हे तिचेच रूप.

दर्शनी एकसारखेपणा लोक किती गांभीर्याने घेतात याचा नमुना रॉयल क्रेसेंटमधील २२ क्रमांकाच्या दारात दिसतो. १९७० च्या दशकात तिथल्या मालकीणबाईंनी पांढऱ्या दारांच्या रांगेत आपले दार पिवळे रंगवले, नगरपालिकेने ते बदलण्याची नोटीस दिली, प्रकरण चौकशीपर्यंत गेले आणि बाई जिंकल्या.

घर इतके अरुंद आणि उंच का, हा प्रश्न इथेच सोडवून टाकावा. जमिनीचा मालक जमीन विकत नसे, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देत असे. बांधणारा आपल्या जोखमीवर घर उभारून ते पुढे विकत असे आणि बांधकाम चालू असताना पहिली एक-दोन वर्षे त्याच्याकडून मिऱ्याच्या दाण्याइतके नाममात्र भाडे घेतले जाई. रस्त्यालगतची लांबी महाग असल्यामुळे प्रत्येक घराला ती थोडी मिळे आणि मग घर मागे व वर वाढे. लंडनमध्ये तर १७७४ च्या बांधकाम कायद्याने घरांच्या चार प्रती ठरवून दिल्या. ८५० पौंडांहून अधिक किमतीचे आणि ९०० चौरस फुटांहून अधिक जागा व्यापणारे घर पहिल्या प्रतीचे मानले जाई.

खिडकीवरून काळ ओळखणे

घराचा काळ ठरवायला खिडकीसारखी जागा नाही. वर-खाली सरकणारी सॅश खिडकी हे या घरांचे ओळखचिन्ह आहे. तिची वरची व खालची झडप चौकटीच्या पोकळीत दोरीने टांगलेल्या वजनांवर तोललेली असते, म्हणून जड असूनही ती एका हाताने उचलता येते. प्रथम चौकट भिंतीच्या किती आत बसवली आहे ते पाहावे. लंडन शहर आणि वेस्टमिन्स्टरसाठी १७०९ मध्ये कायदा झाला की आगीचा धोका कमी व्हावा म्हणून लाकडी चौकट भिंतीच्या पृष्ठभागापासून चार इंच आत घ्यावी. १७७४ च्या कायद्याने ती चौकट विटांच्या मागे जवळजवळ पूर्ण लपवायला लावली. त्यामुळे लंडनमध्ये भिंतीशी सपाट बसलेली रुंद पांढरी चौकट दिसली, तर ते घर जुने समजावे, आणि बाहेरून लाकडाची केवळ बारीक किनार दिसत असेल, तर नंतरचे. बाहेरगावी हा कायदा लागू नव्हता, तिथे ही पद्धत फॅशन म्हणून सावकाश पोहोचली. म्हणून हा नियम बाथ किंवा ब्रिस्टलला आंधळेपणाने लावू नये.

मग तावदानांमधल्या लाकडी पट्ट्या पाहाव्यात. शतकाच्या आरंभी त्या जाड आणि बोजड असत, शतकाच्या अखेरीस इतक्या नाजूक झाल्या की त्यांनी काच पेलली कशी असे वाटावे. वर सहा आणि खाली सहा तावदाने ही सर्वसामान्य रचना होती. काच फुंकून, गरगर फिरवून तिची मोठी थाळी करत आणि त्या थाळीतून तुकडे कापत, म्हणून मोठे तावदान महाग पडे. मूळची काच ओळखण्यासाठी खिडकीसमोर न उभे राहता थोडे तिरके उभे राहावे आणि समोरच्या इमारतीचे प्रतिबिंब पाहत एक-दोन पावले चालावे. प्रतिबिंबातील सरळ रेषा डुलू लागल्या, एक तावदान दुसऱ्यापेक्षा वेगळ्या कोनात चमकले, तर ती जुनी काच होय. नवी काच आरशासारखी स्थिर राहते. तसेच वरच्या झडपेच्या खालच्या कोपऱ्यांना लाकडाची लहान शिंगे बाहेर आलेली असतील, तर ती झडप व्हिक्टोरियन काळातील किंवा त्यानंतरची असते. काचा मोठ्या आणि जड झाल्यावर सांधे बळकट करण्यासाठी ही शिंगे आली. रॉयल क्रेसेंटच्या रांगेत चालताना पहिल्या मजल्यावरील खिडक्यांचे खालचे उंबरे एका रेषेत नाहीत हेही लक्षात येईल. एकोणिसाव्या शतकात अनेक मालकांनी अधिक उजेडासाठी ते खाली कापून नेले.

बुजवलेली खिडकी दिसली की मार्गदर्शक हमखास खिडकी-कराची गोष्ट सांगतात. हा कर खरा होता, १६९६ मध्ये आला आणि १८५१ मध्ये रद्द झाला. त्यापायी काही खिडक्या बुजवल्या गेल्या हेही खरे. पण अनेक आंधळ्या खिडक्या पहिल्या दिवसापासूनच आंधळ्या होत्या. आत धुराड्याची भिंत किंवा दोन खोल्यांमधली भिंत आडवी येत असेल आणि बाहेर मात्र खिडक्यांची ओळ पुरी करायची असेल, तर भिंतीत नुसता कोनाडा ठेवत. फरक ओळखायचा तर आत जाऊन त्याच जागी पाहावे : आतल्या बाजूला झडपांची पेटी किंवा खिडकीची कमान असेल, तर ती नंतर बुजवली, काहीच नसेल, तर ती देखाव्यासाठीच होती.

दार आणि त्याभोवतीची लोखंडी कामे

दार बहुधा सहा चौकटींचे असते आणि त्यावर पंख्याच्या आकाराचा फॅनलाइट असतो. तो शोभेचा वाटला, तरी मुळात अरुंद आणि अंधाऱ्या प्रवेशमार्गाला उजेड मिळावा म्हणून आला. दारावरची पत्रपेटीची फट मात्र त्या काळातली नाही. १८४० मध्ये एक पेनीची टपाल व्यवस्था सुरू झाल्यानंतर ती रूढ झाली.

दारापुढे दगडी पूल असावा तसा एक टप्पा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना रस्त्याच्या पातळीखाली उतरणारी, कठड्याने वेढलेली खोलगट जागा असते. याला एरिया म्हणतात. तळघरातील स्वयंपाकघराला उजेड आणि वारा इथून मिळे आणि नोकरचाकर व फेरीवाले याच वाटेने ये-जा करत. कठड्याचा प्रत्येक गज दगडात स्वतंत्र भोक पाडून, वितळलेले शिसे ओतून पक्का केलेला असतो. वाकून पाहिल्यास शिशाचे करडे वर्तुळ दिसते. काही दारांजवळ लोखंडी शंकू उलटा लटकतो. रात्री पालखीपुढे किंवा पायी चालणाऱ्यापुढे धरलेली मशाल तिथे खुपसून विझवत. पायाखालच्या फुटपाथवर लोखंडी गोल झाकण दिसल्यास ते कोळशाचे, हे ओळखावे : फुटपाथखाली कोळशाची कोठी असते आणि पोती वरूनच रिकामी करत, म्हणजे कोळसेवाल्याला घरात पाऊल टाकावे लागत नसे.

जिना

आत शिरल्यावर जिन्यापाशी थांबण्याला पर्याय नाही. खालच्या टप्प्यावर प्रत्येक पायरीवर दोन किंवा तीन कोरीव गज, पायरीच्या उघड्या कडेवर वेलबुट्टी आणि गुळगुळीत महोगनीचा हातकठडा असतो. वर चढता चढता एका हाताने तो कठडा धरून ठेवावा. बैठकीच्या मजल्यापर्यंत, फार तर मुख्य शयनगृहांपर्यंत, हा थाट टिकतो. त्यापुढे कुठेतरी गज साधे होतात, पायऱ्या अरुंद होतात, महोगनीच्या जागी रंगवलेले पाइनचे लाकूड येते. घरमालकाच्या लेखी पाहुण्यांची हद्द तिथे संपली. मोठ्या घरांत नोकरांसाठी वेगळा जिना असतो आणि तो एखाद्या साध्या दारामागे दडवलेला असतो.

शतकाच्या उत्तरार्धातील सधन घरांत दगडी जिना भिंतीतून अधांतरी निघाल्यासारखा दिसतो. प्रत्येक पायरीचे एक टोक भिंतीत रुतलेले आणि तिची कड खालच्या पायरीवर टेकलेली असते, त्यामुळे भार पायरीपायरीने खाली उतरतो. हे समजण्यासाठी जिन्याखाली उभे राहून वर पाहावे. माथ्यावर बहुधा लंबगोल काचेचे झाकण असते आणि उजेड थेट तळापर्यंत येतो.

खोल्या

सामान्यतः प्रत्येक मजल्यावर एक पुढची आणि एक मागची अशा दोनच खोल्या असतात. जेवणाची खोली तळमजल्यावर, बैठक पहिल्या मजल्यावर. भिंत पाहताना पुन्हा स्तंभ आठवावा : तळाची पट्टी आणि कमरेइतक्या उंचीची लाकडी पट्टी यांमधला भाग म्हणजे पीठ, वरची मोकळी भिंत म्हणजे खांब, छताजवळची नक्षीदार कड म्हणजे माथा. त्या काळी वापरात नसताना खुर्च्या भिंतीला लावून ठेवत, त्यामुळे कमरेवरची पट्टी गिलाव्याचे रक्षणही करी. आरंभीच्या घरांत संपूर्ण भिंतीला रंगवलेल्या लाकडी फळ्या असत. पुढे फळ्या फक्त कमरेपर्यंत राहिल्या आणि वर गिलावा, कागद किंवा कापड आले. छताजवळची नक्षी जाड, खोल कोरलेली असेल, तर काळ अलीकडे आणू नये. पातळ, सपाट, वेलींची आणि कलशांची असेल, तर ती रॉबर्ट अ‍ॅडम या स्कॉटिश वास्तुकाराच्या प्रभावाची, म्हणजे १७६० नंतरची समजावी.

खिडकीच्या दोन्ही बगलांतील लाकडी फळ्या पाहणारे फार थोडे. त्या झडपा असतात, घडी घालून भिंतीच्या जाडीत बसवलेल्या. संग्रहालयातील सेवकाला विनंती केल्यास तो एखादी उघडून दाखवतो. मागची घडी मोकळ्या लाकडाची किंवा जुन्या रंगाची निघते, कारण तिथे पुढचे रंगकाम पोहोचलेले नसते. आतला लोखंडी अडसरही पाहावा. दोन खिडक्यांच्या मधल्या अरुंद भिंतीवर उंच आरसा असतो तो मेणबत्तीचा उजेड दुप्पट करण्यासाठी. शेवटी दारे मोजावीत : एखादे दार केवळ समोरच्या दाराला जोड म्हणून ठेवलेले, उघडल्यास मागे भिंतच असलेले सापडते.

महोगनी आली ती मुख्यतः कॅरिबियन बेटांतून आणि होंडुरासच्या किनाऱ्यावरून. १७२१ मध्ये तिथल्या ब्रिटिश वसाहतींतील लाकडावरील आयात कर उठला आणि ती सधन घरांत सर्वत्र पसरली. कापडाची वाट याच्या उलट होती. भारतीय छिटाला इतकी मागणी होती की विलायती कापडवाल्यांच्या दबावाने त्याच्या वापरावर १७२१ मध्ये बंदी आली, तरी माल चोरून येतच राहिला. प्रसिद्ध नट डेव्हिड गॅरिक यांच्या पत्नीला कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांनी पाठवलेले पलंगाचे छीट कस्टमने जप्त केले होते. तो पलंग आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

ब्रिस्टलच्या घरात हा पैशाचा माग टाळता येत नाही, आणि टाळू नये. १७९० च्या सुमारास ते जॉन पिनी याने बांधून घेतले. कॅरिबियनमधील नेव्हिस बेटावर त्याचे उसाचे मळे होते आणि त्यांवर गुलाम राबत. त्यांपैकी पेरो जोन्स याला त्याने खासगी नोकर म्हणून याच घरात आणले. तिथली संयत रंगसंगती, पुस्तकांची कपाटे आणि तळघरातील थंड पाण्याचा स्नानहौद हे सारे पाहताना हा तपशील सोबत ठेवावा.

तळघर आणि पोटमाळा

नंबर १ रॉयल क्रेसेंटचा सेवाविभाग दीर्घकाळ वेगळा झालेला होता. तो पुन्हा जोडून २०१३ मध्ये संग्रहालय नव्याने उघडले, त्यामुळे मालकाचा आणि नोकरांचा भाग तिथे सलग पाहता येतो. स्वयंपाकघरात भिंतीवर उंच लावलेले लाकडी चाक शोधावे. त्यात लहान पायांचा कुत्रा धावे आणि दोरीने जोडलेली मांस भाजण्याची सळई चुलीसमोर फिरत राही. भिंतीवर स्प्रिंगला टांगलेल्या घंटा असतील, तर त्यांच्या तारा कुठून वर जातात ते पाहावे. जमिनीला दगडी फरशा आणि भिंतीला साधा चुना. वरच्या नक्षीचा इथे मागमूसही नाही. पोटमाळ्यावर जाऊ दिले तर जरूर जावे : उतरते छत, लहान शेगडी किंवा तीही नाही, आणि खिडकीबाहेर दर्शनी कठड्यामागे लपलेली पन्हळ. लंडनच्या घरांत छप्पर मधोमध खोलगट असते आणि पावसाचे पाणी त्या खोबणीतून मागे जाते. या घरांच्या बहुतेक गळतीचे मूळ तिथेच असते.

एक साधे घरही पाहावे

फक्त श्रीमंतांची घरे पाहिली तर प्रमाण बिघडते. बाथमध्येच न्यू किंग स्ट्रीटवरील १९ क्रमांकाचे घर हा चांगला उतारा आहे. संगीतकार आणि खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल व त्यांची बहीण कॅरोलाइन तिथे राहत आणि १३ मार्च १७८१ रोजी त्याच घरामागच्या बागेतून हर्शेलनी युरेनस शोधला. प्रमाणे तीच, पण आकार आखडलेला आणि नक्षी नावापुरती. मागच्या बाजूच्या कार्यशाळेत फरशा तडकलेल्या आहेत. त्याच वर्षी दुर्बिणीच्या मोठ्या आरशासाठी ओतलेला वितळलेला धातू साच्यातून गळाला आणि दगड उडाले. आधी रॉयल क्रेसेंट आणि त्याच दिवशी हे घर, असा क्रम ठेवल्यास पैशाने काय बदलते आणि काय बदलत नाही ते लगेच कळते.

अशा घरात राहण्याची वेळ आल्यास

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना अशा घरातील एखादा मजला भाड्याने किंवा विकत मिळण्याची शक्यता असते. त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. घर संरक्षित यादीत असेल, तर आतली शेगडी, झडपा किंवा दारे हलवण्यासाठीही स्थानिक परिषदेची लेखी परवानगी लागते आणि विनापरवाना केलेले काम गुन्हा ठरते. आधीच्या मालकाने केलेला बेकायदा बदल दुरुस्त करण्याची जबाबदारीही नव्या मालकावर येऊ शकते, म्हणून खरेदीपूर्वी जुन्या परवानग्या मागून पाहाव्यात. दुसरे, भिंती चुन्याच्या आहेत. चुना ओल शोषतो आणि सोडतो; त्यावर सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिकसारखा बंद रंग चढवल्यास ओल आत कोंडते आणि विटांमध्ये बसवलेल्या लाकडी तुळया कुजतात. खिडकी थंड वाटली तर जुनी काच काढू नये. आतून दुसरी काच बसवण्याचा पर्याय स्वस्तही पडतो आणि परवानगीही त्याला सहसा लवकर मिळते.